कामाच्या ठिकाणी महिलांचे संरक्षण : मालकाची कायदेशीर कर्तव्ये

कामगारविषयक कायद्यांपैकी बहुतेक कायदे मालकाने काही ना काही द्यावे, अशी अपेक्षा करतात. वेतन वेळेवर द्यावे, साप्ताहिक सुटी द्यावी, अपघात झाल्यास भरपाई द्यावी, सेवानिवृत्तीच्या वेळी उपदान द्यावे, असे त्यांचे स्वरूप असते. आणि दिले की नाही, हे हजेरीपत्रक व वेतनपत्रक उघडले की समजते. संसदेने २०१३ साली संमत केलेला ‘महिलांचे कामाच्या ठिकाणी लैंगिक छळापासून संरक्षण (प्रतिबंध, मनाई व निवारण) अधिनियम’ या दृष्टीने वेगळ्या जातीचा आहे. तो मालकाकडे मुख्यतः एक व्यवस्था मागतो. आणि ती व्यवस्था कोणाचीही तक्रार येण्यापूर्वी उभी असली पाहिजे, असा त्याचा आग्रह आहे. “आमच्याकडे आजवर एकही तक्रार आलेली नाही, तेव्हा समिती नेमण्याची वेळच आली नाही”, असे सांगणारे व्यवस्थापक पुष्कळ भेटतात. आग विझविण्याचे साधन आग लागल्यावर विकत आणू, असे त्यांच्यापैकी कोणी म्हणणार नाही.

आणखी एक गैरसमज अलीकडे आढळू लागला आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता अंमलात आल्या आणि २९ केंद्रीय कायदे त्यांत सामावले गेले. त्यामुळे हा अधिनियमही संहितेत विलीन झाला असावा, अशी काहींची समजूत आहे. तसे झालेले नाही. २०१३ चा अधिनियम स्वतंत्रपणे व पूर्वीप्रमाणेच लागू आहे.

कायद्यामागील पार्श्वभूमी

राजस्थान शासनाच्या महिला विकास कार्यक्रमात भंवरीदेवी या ‘साथीण’ म्हणून काम करीत. जयपूर जिल्ह्यातील भटेरी गावी १९९२ साली त्यांनी एक बालविवाह थांबविण्याचा प्रयत्न केला. तो प्रयत्न म्हणजे त्यांना नेमून दिलेले कामच होते. त्याचा राग मनात धरून त्यांच्यावर सामूहिक अत्याचार करण्यात आला. फौजदारी खटल्यात १९९५ साली आरोपी बलात्काराच्या आरोपातून सुटले. परंतु या घटनेने एक मोठा प्रश्न उभा केला होता. काम करीत असल्यामुळेच एखाद्या स्त्रीवर असे संकट ओढवत असेल, तर ज्यांनी तिला कामावर नेमले त्यांची जबाबदारी कोणती? महिला संघटना ‘विशाखा’ या नावाने हा प्रश्न घेऊन सर्वोच्च न्यायालयात गेल्या.

सरन्यायाधीश जे. एस. वर्मा, न्यायमूर्ती सुजाता मनोहर आणि न्यायमूर्ती बी. एन. कृपाल यांच्या पीठाने १३ ऑगस्ट १९९७ रोजी निर्णय दिला. न्यायमूर्ती मनोहर या त्यापूर्वी मुंबई उच्च न्यायालयाच्या पहिल्या महिला मुख्य न्यायमूर्ती होत्या, हे येथे नमूद करावयास हरकत नाही. कामाच्या ठिकाणी होणारा लैंगिक छळ हा स्त्रीच्या समानतेच्या, जीविताच्या व व्यवसाय करण्याच्या मूलभूत हक्कांवरील आघात आहे, असे न्यायालयाने मानले आणि संसद कायदा करीपर्यंत पाळावयाची मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. तक्रार समिती, तिच्या अध्यक्षपदी स्त्री, समितीत बाहेरची व्यक्ती, ही आजची रचना मुळात या तत्त्वांतून आलेली आहे. पुढे १९९९ साली दुसऱ्या एका प्रकरणात न्यायालयाने असेही स्पष्ट केले की, प्रत्यक्ष शारीरिक स्पर्श झालाच पाहिजे असे नाही. तसा प्रयत्न व त्यामागील वर्तन हाही छळच होय.

तत्त्वे जाहीर झाली, परंतु ती पाळली जात नव्हती. हे न्यायालयापुढे मांडण्यात पुण्याच्या ‘आलोचना’ या संस्थेच्या मेधा कोतवाल लेले यांचा पुढाकार होता. त्यांच्या याचिकेत २००४ साली झालेला एक आदेश सामान्य वाचकाला किरकोळ वाटेल. पण पीडित स्त्रियांच्या दृष्टीने तो फार मोलाचा ठरला. त्यापूर्वी समितीने चौकशी करून अहवाल दिला तरी शिक्षा देण्यासाठी खात्यामार्फत पुन्हा नव्याने चौकशी होत असे आणि त्या स्त्रीला तीच हकिकत दुसऱ्यांदा सांगावी लागत असे. समितीचा अहवाल हाच शिस्तभंगाच्या कारवाईतील चौकशी अहवाल मानावा, असे न्यायालयाने सांगितले. याच याचिकेवर अंतिम निर्णय १९ ऑक्टोबर २०१२ रोजी झाला. त्यानंतर काही महिन्यांतच संसदेने अधिनियम संमत केला आणि ९ डिसेंबर २०१३ पासून तो देशभर अंमलात आला. न्यायालयाचे मार्गदर्शन आणि संसदेचा कायदा यांत १६ वर्षे गेली.

कोणाला व कोठे लागू

या अधिनियमातील ‘कर्मचारी’ या शब्दाची व्याप्ती फार मोठी आहे. कायम, हंगामी, रोजंदारीवरील, कंत्राटदारामार्फत आलेले, शिकाऊ, उमेदवारीवरील, एवढेच नव्हे तर विनावेतन वा स्वेच्छेने काम करणारेही तीत येतात. कंत्राटदाराने पाठविलेल्या सफाई कामगार महिलेची आपल्यावर जबाबदारी नाही, असे मूळ मालकाला म्हणता येत नाही. ‘पीडित महिला’ ही तर त्या ठिकाणी नोकरीस असलीच पाहिजे असेही नाही. रुग्ण, विद्यार्थिनी, ग्राहक, कामानिमित्त आलेली कोणतीही स्त्री तीत मोडते. म्हणूनच “आमच्या दुकानात सगळे पुरुषच आहेत, आम्हाला समिती कशाला?” हा युक्तिवाद टिकत नाही.

‘कामाचे ठिकाण’ म्हणजेही केवळ चार भिंती नव्हेत. कामानिमित्त कर्मचारी जेथे जाईल ते ठिकाण आणि मालकाने पुरविलेले वाहन यांचाही त्यात समावेश होतो. रात्रपाळी संपवून कंपनीच्या बसने घरी निघालेली कामगार स्त्री या कायद्याच्या दृष्टीने अद्याप कामाच्या ठिकाणीच असते.

नकोसा स्पर्श वा सलगी, शरीरसंबंधाची मागणी, अश्लील शेरेबाजी, अश्लील चित्रे दाखविणे आणि लैंगिक स्वरूपाचे इतर कोणतेही नकोसे वर्तन, मग ते शब्दांनी असो की हावभावांनी, यांस अधिनियमाने छळ म्हटले आहे. यांत ‘नकोसे’ हा शब्द कळीचा आहे. वर्तन करणाऱ्याने ते थट्टेने केले की नाही, याला दुय्यम महत्त्व आहे.

समितीची रचना

दहा किंवा त्यांहून अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी मालकाने लेखी आदेशाने अंतर्गत समिती नेमावयाची असते. कार्यालये वेगवेगळ्या गावी असतील तर प्रत्येक कार्यालयात ती हवी. मुंबईच्या मुख्यालयात एक समिती नेमून नांदेड, जळगाव व कोल्हापूर येथील शाखा तिच्या कक्षेत टाकल्या, तर कायद्याचे पालन झाले असे होत नाही. जळगावच्या टंकलेखिकेने तक्रार घेऊन मुंबईपर्यंत जावे, ही अपेक्षाच अनेक तक्रारींचा शेवट करते.

समितीची अध्यक्षा त्याच ठिकाणची वरिष्ठ महिला कर्मचारी असावी. तशी कोणी नसेल तर दुसऱ्या शाखेतील, आणि तेथेही नसेल तर त्याच मालकाच्या अन्य ठिकाणची किंवा दुसऱ्या संस्थेतील वरिष्ठ महिला नेमता येते. कर्मचाऱ्यांपैकी किमान दोन सदस्य हवेत. एक सदस्य बाहेरचा, म्हणजे महिलांच्या प्रश्नावर काम करणाऱ्या संस्थेतील किंवा या विषयाची जाण असणारा, असावा लागतो. एकूण सदस्यांत किमान निम्म्या स्त्रिया हव्यात. मुदत जास्तीत जास्त तीन वर्षांची. २०१६ मध्ये नेमलेली समिती आजही फलकावर दिसते, त्यातील दोन सदस्य निवृत्त झालेले असतात आणि बाहेरच्या सदस्यास आपण सदस्य आहोत हेही आठवत नाही, असे चित्र दुर्मिळ नाही. अशी समिती नसल्यातच जमा होय.

हे एका उदाहरणाने पाहू. समजा, तालुक्याच्या गावी एका डॉक्टरांचे स्वतःच्या मालकीचे रुग्णालय आहे. दोन साहाय्यक डॉक्टर, सात परिचारिका, औषध दुकानातील दोघे, लेखनिक, स्वयंपाकीण, चार आया व वॉर्डबॉय आणि कंत्राटदाराकडून आलेले दोन पहारेकरी, असे १९ लोक तेथे काम करतात. येथे समिती बंधनकारक आहे. मुख्य परिचारिका अध्यक्षा होऊ शकेल. डॉक्टरांच्या पत्नी अधूनमधून हिशेब पाहतात म्हणून त्यांनाच अध्यक्षा करण्याची प्रथा आहे. परंतु त्या तेथील कर्मचारी नसतील तर ती नेमणूक नियमाला धरून होणार नाही, आणि असल्या तरी डॉक्टरांच्या मर्जीतील माणसाविरुद्ध परिचारिका त्यांच्यापुढे किती मोकळेपणाने बोलेल, याचा विचार केलेला बरा. बाहेरचा सदस्य म्हणून रुग्णालयाचेच हिशेब तपासनीस नेमणे हीदेखील एक सोयीस्कर पळवाट होय. बाहेरच्या सदस्याची तरतूद मुळी वरिष्ठांचे दडपण येऊ नये म्हणून करण्यात आली. मालकावर अवलंबून असणारा माणूस तेथे बसविला की ती तरतूद पोकळ होते. आता तक्रार स्वतः डॉक्टरांविरुद्ध असेल तर? मग ती अंतर्गत समितीकडे जातच नाही. तिच्यासाठी जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. आणि रुग्णाच्या नातेवाइकाने परिचारिकेचा छळ केला, तर तो कर्मचारी नाही म्हणून मालकाला हात झटकता येत नाहीत. तिची इच्छा असल्यास पोलीस कारवाई सुरू करण्यास साह्य करणे हे त्याचे कर्तव्य आहे. हा गुन्हा २०१३ पासून भारतीय दंड संहितेत होता. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ७५ खाली येतो.

१६० दिवसांचा प्रश्न

तक्रार घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी द्यावयाची असते. घटना अनेक असतील तर शेवटच्या घटनेपासून मुदत मोजतात. विलंबाला सबळ कारण असल्यास समिती ते लेखी नमूद करून आणखी तीन महिन्यांपर्यंत मुदत वाढवू शकते. तक्रारीची प्रत सात कामकाजाच्या दिवसांत प्रतिवादीला पाठवावी लागते, आणि त्याने दहा कामकाजाच्या दिवसांत उत्तर द्यावयाचे असते. चौकशी ९० दिवसांत पुरी व्हावी, त्यानंतर दहा दिवसांत अहवाल मालकाकडे जावा, आणि अहवाल मिळाल्यापासून ६० दिवसांत मालकाने त्यावर कारवाई करावी, असा क्रम आहे.

ही बेरीज करून पाहावी. १ ऑगस्टला तक्रार आली व प्रत्येक टप्प्यावर पुरी मुदत घेतली गेली, तर चौकशी ३० ऑक्टोबरला संपेल, अहवाल ९ नोव्हेंबरला येईल आणि कारवाईची अखेरची तारीख ८ जानेवारी असेल. सर्व काही कायद्याप्रमाणे होऊनही हे १६० दिवस झाले. एवढे दिवस ती स्त्री आणि ज्याच्याविरुद्ध तिने तक्रार केली तो, दोघेही त्याच हजेरीपटावर असतात. तो तिचा वरिष्ठ असेल तर तिच्या कामाचा गोपनीय अहवालही तोच लिहिणार!

अधिनियमाने याची तरतूद केली आहे. तिचा उपयोग मात्र फार थोड्या ठिकाणी केला जातो. पीडित महिलेने लेखी विनंती केल्यास समिती मालकाला शिफारस करू शकते की, तिची किंवा प्रतिवादीची बदली करावी, तिला तिच्या हक्काच्या रजेव्यतिरिक्त तीन महिन्यांपर्यंत रजा द्यावी, अथवा तिच्या कामाचे मूल्यमापन दुसऱ्या अधिकाऱ्याकडे सोपवावे. शिफारस झाली की ती अंमलात आणून तसे समितीला कळविणे मालकावर बंधनकारक आहे. येथे तारतम्य हवे. बदली करावयाची म्हटले की बहुधा त्या स्त्रीचीच होते, कारण ती कनिष्ठ असते आणि तिला हलविणे सोपे असते. तिने ती मागितली असेल तर गोष्ट वेगळी. न मागता केलेली बदली ही तिला तक्रारीची शिक्षाच वाटते, आणि पाहणाऱ्या इतर स्त्रियाही त्यातून योग्य तो बोध घेऊन गप्प बसतात.

चौकशी सुरू होण्यापूर्वी समेट करता येतो. मात्र तो पीडित महिलेने मागितला तरच, आणि पैशाची देवघेव हा त्याचा आधार असता कामा नये. गावच्या ओळखीने, दोन वडीलधाऱ्यांना मध्ये घालून, “आता झाले ते झाले” म्हणून घडवून आणलेली तडजोड या कलमात बसत नाही.

घाईची किंमत

चौकशी लांबविणे जसे वाईट, तसेच ती घाईने उरकणेही. याचे बोलके उदाहरण गोव्यातील आहे. तेथील एका विद्यापीठात २००९ साली काही विद्यार्थिनींनी एका शिक्षकाविरुद्ध तक्रारी केल्या. समितीने एकामागून एक बैठका घेऊन अल्पावधीत चौकशी संपविली आणि शिक्षकाला सेवेतून काढून टाकण्यात आले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १२ मे २०२३ रोजी न्यायालयाने ती कारवाई रद्द ठरविली. आपली बाजू मांडण्याची पुरेशी संधी प्रतिवादीला मिळाली नाही, हे त्याचे कारण. चौकशी मे २००९ मधील टप्प्यापासून पुन्हा करावी, असा आदेश झाला. तक्रारदार मुलींच्या बाजूने विचार केला तर याचा अर्थ असा की, १४ वर्षांनंतर सारे पुन्हा पहिल्या पायरीवर आले. त्यांना न्याय मिळावा या तळमळीने केलेल्या घाईने त्यांचेच नुकसान झाले.

म्हणून सदस्यांचे प्रशिक्षण हा शोभेचा उपक्रम समजू नये. सुनावणीला अध्यक्षेसह किमान तीन सदस्य हजर हवेत. दोन्ही पक्षांना वकील आणता येत नाही. लागोपाठ तीन सुनावण्यांना पक्षकार सबळ कारणाशिवाय गैरहजर राहिला, तर १५ दिवसांची लेखी सूचना देऊनच एकतर्फी निर्णय घेता येतो. निष्कर्षांची प्रत दोघांनाही देऊन त्यांचे म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते. मुख्य परिचारिकेने किंवा शाळेतील पर्यवेक्षिकेने हे नियम आपल्या आपण जाणावेत, अशी अपेक्षा करणे चूक आहे. त्यांना ते शिकविणे हे मालकाचे काम आहे, आणि नियमांतही ते तसे सांगितलेले आहे. चौकशीतील नावे व तपशील गुप्त ठेवण्याचे बंधन सर्वांवर आहे. ते मोडणाऱ्यास ५,००० रुपये दंड होतो.

याच निकालात न्यायालयाने एका वृत्तपत्राच्या पाहणीचा उल्लेख केला होता : देशातील ३० राष्ट्रीय क्रीडा महासंघांपैकी १६ संघांनी अंतर्गत समिती नेमलेलीच नव्हती. कायदा अंमलात येऊन त्या वेळी नऊ वर्षे उलटली होती.

धोरण आणि फलक

छळाला मनाई करणारे अंतर्गत धोरण मालकाने तयार करून त्याचा प्रसार करावा, समितीचा आदेश व छळाचे दंडनीय परिणाम ठळक जागी लावावेत, सदस्यांची नावे व संपर्काचा तपशील सर्वांना कळवावा आणि ठरावीक कालावधीने कार्यशाळा घ्याव्यात, असे अधिनियम व नियम सांगतात. प्रत्यक्षात पुष्कळ ठिकाणी इंग्रजी धोरणाची दुसरीकडून उतरविलेली प्रत व्यवस्थापकाच्या खोलीत टांगलेली असते. वेष्टण विभागातील ज्या स्त्रीसाठी ती लिहिली, तिला मराठी वाचता येते आणि त्या खोलीत तिला कधी बोलावले जात नाही. काही फलकांवर तर सर्वांत मोठ्या अक्षरांत “खोटी तक्रार केल्यास कारवाई होईल” एवढेच वाचावयास मिळते. कलम १४ मध्ये तशी तरतूद आहे हे खरे. परंतु तक्रार सिद्ध करता आली नाही एवढ्यावरून ती खोटी ठरत नाही, दुष्ट हेतू चौकशीअंती सिद्ध व्हावा लागतो, हेही त्याच कलमात म्हटले आहे. अर्धे कलम लिहावयाचे आणि अर्धे गाळावयाचे, हा प्रकार प्रामाणिकपणाचा नव्हे.

समिती न नेमणाऱ्या मालकास ५०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. पुन्हा तोच अपराध घडल्यास शिक्षा दुप्पट होते व परवाना वा नोंदणी रद्द होऊ शकते. कंपन्यांना २०१८ पासून संचालक मंडळाच्या अहवालात समिती नेमल्याचे निवेदन करावे लागते, आणि जुलै २०२५ पासून आलेल्या, निकालात निघालेल्या व ९० दिवसांहून अधिक काळ प्रलंबित असलेल्या तक्रारींची संख्याही द्यावी लागते.

जेथे दहा माणसे नाहीत

लहान दुकाने, शिवणकामाची केंद्रे, घरकाम, ही ठिकाणे अंतर्गत समितीच्या कक्षेबाहेर असली तरी कायद्याबाहेर नाहीत. त्यांच्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक समिती असते. सामाजिक कार्यातील मान्यवर महिला तिची अध्यक्षा असते, आणि तालुका वा नगरपालिका क्षेत्रात काम करणाऱ्या महिलांपैकी एक तिची सदस्य असते. घरकाम करणाऱ्या स्त्रीच्या तक्रारीत प्रथमदर्शनी तथ्य आढळल्यास ही समिती ती सात दिवसांत पोलिसांकडे पाठविते. अनेक जिल्ह्यांत ही यंत्रणा अपुरी असल्याचे दिसून आल्यावर सर्वोच्च न्यायालयाने ३ डिसेंबर २०२४ रोजी सर्व राज्यांना ३१ डिसेंबरपर्यंत प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा अधिकारी नेमण्याचा आदेश दिला.

जिल्ह्याच्या ठिकाणी जाण्याचीही गरज नाही. ग्रामीण भागात तालुक्याला आणि शहरात प्रभागाला एक नोडल अधिकारी असावा लागतो. त्याच्याकडे तक्रार दिली की सात दिवसांत ती स्थानिक समितीकडे पोचविणे त्याच्यावर बंधनकारक आहे. केंद्र शासनाच्या ‘शी-बॉक्स’ या संगणकीय सुविधेवरही तक्रार नोंदविता येते. ती २०१७ साली सुरू झाली व ऑगस्ट २०२४ मध्ये नव्या स्वरूपात आली. तक्रार लेखी हवी, ही अट वाचून कोणी मागे फिरू नये. जिला लिहिता येत नाही तिची तक्रार लिहून देण्यास सर्व ते साह्य करणे हे समितीच्या अध्यक्षेचे वा सदस्याचे कायद्याने ठरविलेले काम आहे.